झेंडूचा हार घातलेली मॉनिटर

डॉमनिक वसईच्या पाचूबंदरचा. बापाने जन्मभर लाकडी होड्या बांधल्या. हा कॅनडातल्या विंडसरला येऊन मोटारींच्या कारखान्यात वेल्डिंग करत राहिला. लोखंड पाण्यावर तरंगतं, याचं त्याला कायम नवल वाटायचं. रिटायर होऊन तो बेसमेंटमध्ये उतरला, तो दोन विंटर वर आलाच नाही, असं त्याची बायको मेव्हिस सांगते.

तिथे त्याने 'मॉनिटर'ची छोटी प्रतिकृती बांधली. अमेरिकेतल्या यादवी युद्धातली, उत्तरेकडची चिलखती नौका: पाण्याला टेकलेला सपाट डेक, मधोमध गोल फिरणारा तोफांचा बुरूज. दक्षिणेची 'मेरिमॅक' मेव्हिसच्या धाकट्या भावाने, प्रेस्टनने बांधली. १८६२ साली या दोघी तासन्‌तास झुंजल्या आणि कुणीच जिंकलं नाही. दीडशे वर्षांनी, जुलैमध्ये, मॉडेल-बोटींच्या क्लबच्या तळ्यात त्या रिमोटवर पुन्हा भिडणार होत्या. जी आधी बुडेल किंवा बंद पडेल, ती हरली. प्रेस्टनसमोर डॉमनिक आजवर प्रत्येक शर्यत हरला होता. ही एक त्याला हवी होती.

नौका पाण्यात सोडणार, तोच मेव्हिस हार घेऊन आली. बॅकयार्डमधला झेंडू, मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्यात ओवलेला.

"अगं, ही वॉरशिप आहे!"

"असू दे. नवी होडी हाराशिवाय पाण्यात सोडतात का आपल्यात?"

तिने बुरुजाला हाराचा वेढा दिला, वर चर्चमधलं पवित्र पाणी शिंपडलं.

तळ्याच्या मध्यावर फुलं भिजून जड झाली. डेक पाण्याखाली गेला.

"भावोजी, सबमरीन बांधली काय?" प्रेस्टन ओरडला.

"डॅड, यू आर विनिंग!" त्याची लेक मिशेल नाचू लागली.

ओझं टाकायला हवं होतं, आणि हात तिथवर पोचत नव्हता. डॉमनिकने बुरूज गरगर फिरवला. वेढा सैल झाला, हार सुटून पाण्यावर पसरला आणि नौका हलकेच वर आली. धडक द्यायला सुसाट निघालेली मेरिमॅक नेमकी त्या हारावरून गेली. दोरा तिच्या तळाच्या पंख्यात गुंतला. ती जागीच थांबली.

"चीटिंग! फुलं कुठे शस्त्र असतात?" प्रेस्टन चिडला.

"रूल्समध्ये दाखव!" मेव्हिस काठावरून गरजली.

पंचांनी हसत हसत मॉनिटरच्या नावाने शिट्टी वाजवली. डॉमनिक बुटांसकट तळ्यात शिरला. कमरेएवढ्या पाण्यात त्याने नौका छातीशी धरली. मागून आलेल्या प्रेस्टनने त्याच्यावर ओंजळीओंजळीने पाणी उडवलं. डॉमनिकचा चष्मा तळ्यात पडला, तरी तो हसतच होता.