तिसरी बंदूक

बेरिल हॅनिगनला आपल्या स्वयंपाकघरातल्या कुठल्या डब्यात काय आणि किती आहे, हे डोळे मिटून सांगता यायचं. त्यामुळे सत्त्याण्णव सालच्या सप्टेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी तिने ओट्याखालचा चरबीचा डबा ओढला आणि ती तशीच थांबली. रविवारच्या भाजलेल्या मटणाची चरबी तिने स्वतः गाळून ओतली होती. डबा गळ्यापर्यंत भरला होता. आता तो अर्ध्यावर आला होता, आणि थिजलेल्या चरबीत चार बोटांचे खोल ओरखडे होते.

"क्लॅरी, यातली चरबी कुणी काढली?"

तिचा नवरा दारात बसून बूट चढवत होता. "बिस्किटने खाल्ली असेल."

"झाकण उघडून? आणि पुन्हा घट्ट लावून?"

"हुशार कुत्रा आहे तो. तुझ्यावर गेलाय."

बेरिल हसली नाही. क्लॅरी न्याहारीच्या आधी कधी विनोद करत नसे. एकोणचाळीस वर्षांत तिने ऐकलेला हा पहिलाच.

मंगळवारी पाण्याच्या टाकीमागे न्हाणीघराच्या कामातून उरलेला चार इंची प्लॅस्टिकचा पाइप दिसेना. त्याची दोन झाकणंही गेली होती, एक फिरकीचं आणि एक चिकटवायचं. बुधवारी बिस्किट जेवायला हाक मारली तरी आला नाही. कोंबड्यांच्या खुराड्यामागे नाक जमिनीला लावून बसला होता, आणि तिथली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा काळसर होती.

आता बेरिलला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. वॉरिंगा गावाभोवतीच्या त्या पट्ट्यात कोण पाइपात काय घालून पुरतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी कुणाचं नाव घेत नव्हतं.

आदल्या वर्षी तास्मानियात एका माणसाने एका दुपारी पस्तीस जणांना मारलं. त्यानंतर सरकारने कायदा केला. आपोआप भरणाऱ्या बंदुका जमा करा, भरपाई घ्या, मुदत तीस सप्टेंबर. गावच्या सभागृहात बैठक झाली तेव्हा क्लॅरी जन्मात पहिल्यांदा चार माणसांपुढे उभा राहिला. "माझ्या बापाच्या बंदुकीने डुकरं मेली, कोल्हे मेले. माणूस एक नाही. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा मला का? रानडुकरं कोकरांची पोटं फाडतात, तेव्हा मी त्यांना काय गोष्ट सांगू?" टाळ्या पडल्या. शाळेच्या कचेरीतली डॉट मॅकिनॉन उठून म्हणाली, "क्लॅरी, डुकरांसाठी एका वेळी एक गोळी भरायची बंदूक तुला ठेवता येते. नेम बरा कर म्हणजे झालं." त्यावर टाळ्या पडल्या नाहीत, पण मागच्या बाकांवरच्या बायका खाली मान घालून हसल्या. बेरिल हसली नाही, बोललीही नाही. बंदुका घरातून जाव्यात असं तिला वाटत होतं, पण त्याचं कारण सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

ते कारण म्हणजे नेव. क्लॅरीचा धाकटा भाऊ, बावन्न वर्षांचा, घरापासून दोनशे पावलांवर लोकर कातणाऱ्या कामगारांच्या जुन्या खोल्यांत एकटा राहणारा. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको निघून गेली, आणि त्यानंतरच्या शुक्रवारी बेरिलला तो लोकरीच्या शेडमध्ये सापडला. मांडीवर बापाची बंदूक होती. ती पालथ्या खोक्यावर त्याच्यासमोर बसली आणि दोन तास शिवणाविषयी, कोंबड्यांविषयी, पाद्रीबाबांच्या खोकल्याविषयी बोलत राहिली. शेवटी नेवने बंदूक तिच्या हातात दिली. तेव्हापासून लोखंडी कपाटाची किल्ली क्लॅरीच्या कमरपट्ट्याला होती, आणि याविषयी घरात पुन्हा शब्द निघाला नव्हता.

ऑगस्टमध्ये क्लॅरी तीन बंदुका गाडीत टाकून गावच्या प्रदर्शन मैदानावर गेला. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये पोलीस त्या यंत्राखाली चिरडत होते. परत आला तो म्हणाला, "गेल्या तिन्ही." पावती मात्र खिशातून बाहेर आली नाही.

बुधवारी दुपारी तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि विचारलं, "पुरलीस ती बापाची ना?"

क्लॅरीने बटाटा कापला. "सगळेच पुरतायत."

"सगळ्यांच्या घरी नेव नाही."

"नेव आता बरा आहे, बेरिल. कालपासून गातोय. तुला ऐकू येत नाही?"

"येतं ना. तीन वर्षं तोंड उघडलं नाही आणि आता गातोय. म्हणूनच जीव थाऱ्यावर नाही."

"तुला तर कोंबडीने अंडं दिलं तरी संशय येतो."

"कपाटाला कुलूप होतं, क्लॅरी. जमिनीला कुठलं कुलूप?"

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "कोकरांची विक्री उरकू दे. शनिवारी बघू."

बेरिलला शनिवार पटला नाही. गुरुवारी सकाळी क्लॅरी जनावरांच्या बाजारात गेला तसं तिने फावडं घेतलं. खुराड्यामागे पोचली तर फावड्याचं काम आधीच झालं होतं. गुडघाभर खड्डा होता, आणि बिस्किट पायांत पाइप धरून आतून चाटत होता. गंजू नये म्हणून आपल्या बंदुकीला कुणी मटणाची चरबी फासतं का! तेलाचा डबा शेडमध्ये होता, पण तो आणायला नेवच्या दारावरून जावं लागलं असतं, म्हणून क्लॅरीने स्वयंपाकघरातलं उचललं असणार.

पण पाइप रिकामा होता. फिरकीचं झाकण बाजूला नीट उताणं ठेवलं होतं. कुत्रा माती उकरतो, झाकण फिरवत नाही.

गाणं थांबलेलं होतं. कधीपासून, तेही तिला सांगता आलं नसतं.

बासष्ट वर्षांची बेरिल ती दोनशे पावलं धावली. दार उघडं होतं. नेव टेबलाशी बसला होता, पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर बंदुकीचे सुटे भाग, आणि हातात जुना बनियन.

"ये," तो म्हणाला. "ही चरबी ज्याने फासली त्याला तुरुंगात टाकायला हवं. वासाने भूक लागते."

"काय करतोयस?"

"दिसत नाही? क्लॅरीला ही पुरताना पाहिलं होतं मी. मैदानावर नेऊन देतो. मुदत मंगळवारी संपते. क्लॅरी पकडला गेला तर तू एकटी पडशील."

बोलणं सरळ होतं. आवाजही शांत होता. बेरिलला बसावंसं वाटलं, पण ती बसली नाही. नळी बाहेरून चकचकीत झाली होती, आणि आतून पुसायचा लांब गजही टेबलावर होता.

"नेव, चिरडायला न्यायची बंदूक कुणी आतून पुसतं का?"

त्याचा हात थांबला.

तिने तळहात पुढे केला. "खिशातलं दे."

"बेरिल..."

"मी उभी आहे."

मग नेवने सदऱ्याच्या खिशातून एक काडतूस काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. ते गरम होतं, अंगाच्या उबेने.

"एकच होतं," तो म्हणाला.

"दुसरा खिसा."

त्यात रुमाल होता. रुमाल झटकून दाखवला तेव्हा त्याला हसू आलं, आणि हसता हसता तो टेबलावर डोकं टेकून रडला. बेरिलने आधी खटका आणि नळी ॲप्रनमध्ये गुंडाळून काखेत घेतली, आणि मगच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

अकरा वाजता दोघं मैदानावर होती. शेडमधल्या पोलिसाने बंदूक हातात घेऊन हुंगली. "हा वास कसला?"

"रविवारच्या मटणाचा," बेरिल म्हणाली.

यंत्र खाली येऊन नळी वाकेपर्यंत ती जागची हलली नाही. पावती तिने दोन्ही बाजूंनी वाचली.

संध्याकाळी क्लॅरी आला तेव्हा पावती त्याच्या ताटाखाली होती आणि काडतूस पावतीवर. त्याने ते उचललं, एकवार भावाकडे पाहिलं आणि खाली बसला. जेवला नाही. नेवचं अंथरूण तोवर घरातल्या मागच्या खोलीत आलं होतं, आणि शुक्रवारी सकाळी डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं.

"अजून संशय आहे माझ्यावर?" नेवने विचारलं.

"आहे," बेरिल म्हणाली. "खोलीचं दार उघडं ठेव."