कोपराच्या मापाचा ओटा

दिल्लीत यमुना ओलांडून राहायला आलो तेव्हा करोल बागेतल्या आमच्या मराठी बायका नाक मुरडायच्या. "जमनापार? तिकडे आहे काय गं?" खरंच काही नव्हतं. मयूर विहारला सोसायटीच्या मागे कोबीची शेतं, आणि पाणी आलं की सगळ्या मजल्यांवर एकदम बादल्यांचा आवाज. आमचे हे गेल्यावर ह्यांच्याच खात्यात मला नोकरी मिळाली होती. फ्लॅट ह्यांनी हयातीतच बुक केलेला. मी आणि शाळेत जाणारी लेक, आम्ही दोघी तिथे येऊन राहिलो.

ऑफिसला जायला महिन्याच्या पैशांवर ठरवलेली चार्टर्ड बस. मेट्रो तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. चार्टर्डमध्ये प्रत्येकाची सीट ठरलेली. दुसरा बसला तर भांडणं व्हायची. खिडकी माझी, आणि शेजारची जागा एका मराठी गृहस्थांची. दुसऱ्या मंत्रालयात होते. भावंडांचं करता करता स्वतःचं लग्न राहून गेलेलं. इतके उंच, की बसमध्ये उभे राहिले की मान वाकवावी लागायची. मला वहिनी म्हणायचे. मराठी बाई भेटली की ती वहिनी, ही दिल्लीतली आपली रीतच आहे.

गप्पा तरी कसल्या? कोकम कुठे चांगलं मिळतं, गणपतीत मोदक कोण करणार, असल्या. त्या वर्षांत सगळं नवंनवं येत होतं. टीव्हीवर चॅनल, रस्त्यावर नव्या गाड्या, फोनसाठी वर्षानुवर्षं ताटकळलेल्यांकडे एकाएकी फोन. शेजारच्या गृहस्थांना नोएडात फ्लॅट लागला. आतलं काम आपलं आपण करून घ्यायचं होतं, त्याची बातमी मला रोज मिळायची. आज खिडक्या बसल्या, आज फरशी झाली. तो फ्लॅट मला न बघताच पाठ झाला होता.

एकदा म्हणाले, "वहिनी, ओटा किती उंच करायचा असतो हो?"

"वापरणारी किती उंच आहे त्यावर," मी म्हटलं. "मिस्त्री आपल्या मनाने करतात आणि आम्ही जन्मभर खांदे वर करून पोळ्या लाटतो. मी तर पाटावर उभी राहते."

"मग बरोबर माप कुठलं?"

"कोपरात हात वाकवायचा, त्याच्याखाली वीतभर."

"तुमच्या कोपराखाली?"

"माझ्या कशाला? तिथे रांधणार तुम्हीच ना?"

"तरी दाखवा तर."

बस पुलावर अडकली होती. मी उभी राहिले, हात वाकवला, आणि त्याखाली वीत धरून दाखवली. त्यांनी शेजारी उभं राहून तेच माप स्वतःच्या अंगावर बघितलं. पँटच्या खिशापाशी आलं. मागच्या सीटवरचे सरदारजी म्हणाले, "क्यों भाईसाहब, सूट सिलवा रहे हो?" सगळी बस हसली, मीही हसले.

त्यानंतर कधीतरी त्यांनी मला वहिनी म्हणायचं सोडलं. माझ्या लक्षात आलं होतं. पण त्याजागी दुसरं काही म्हणतही नव्हते, तेव्हा काय समजायचं?

फ्लॅट तयार झाल्यावर एका रविवारी आम्हा मायलेकींना बोलावलं. "वास्तुशांत भाऊ आले की करू," म्हणाले, "आज नुसतं दूध उतू घालवू." नव्या घरात पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं, म्हणजे घर भरलेलं राहतं. गॅस होता, एक कोरं पातेलं होतं, बाकी घर रिकामं. बोललं की घुमायचं. लेक क्रेन बघायला बाल्कनीत पळाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर हात ठेवला. हात जिथे टेकायला हवा, नेमका तिथेच टेकला. खांदे आपोआप खाली आले. मला वाटलं, काय हा वेडेपणा, एवढ्या उंच माणसाने स्वतःसाठी करायचा सोडून.

"दूध तुम्ही ठेवा," ते दारातून म्हणाले.

"मी नको. त्याला सवाष्ण लागते. खालच्या मजल्यावरून कुणाला तरी बोलवा."

"सवाष्ण लागते ते ठाऊक आहे मला. म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

लग्न हा शब्द त्यांनी काढला नाही. पण सीटवरून उठून धरलेल्या त्या वितेपासून या दारापर्यंतचं सगळं एकदम माझ्यासमोर उभं राहिलं. कान गरम झाले. चाळिशी उलटलेली बाई मी, केसात चांदी. मी पातेल्यात दूध ओतलं आणि गॅस लावला. हेच माझं उत्तर होतं, आणि त्यांना ते कळलं होतं. ते दारातून आत येऊन उभे राहिले, ते मला पाठीमागे जाणवलं.

दूध चढायला लागलं. काठाशी आलं, आणि माझ्या हाताने गॅस बंद केला.

मी नाही हो, हाताने. पहाटे डेअरीच्या बूथवर मशीनमध्ये टोकन घालून आणलेलं दूध जन्मभर तापवलंय. उतू जाताना बघत राहायची सवय कुठून असणार? दूध खाली बसलं. परत लावते, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात लेक आत आली. "आई, गेलं उतू?"

"वाचवलं तुझ्या आईने," ते म्हणाले. "चलो, चहा करू त्याचाच." आवाज अगदी नेहमीसारखा, फक्त माझ्याकडे बघितलं नाही.

पुढे बसमध्ये मी वाट बघत राहिले, ते पुन्हा विचारतील म्हणून. आणि ते, मला वाटतं, मी पुन्हा गॅस लावीन म्हणून. मग ते नोएडाला राहायला गेले आणि त्यांची बस बदलली. माझ्या शेजारी एक पेपर वाचणारे गृहस्थ आले. सणावारी फोन व्हायचे. खुशाली विचारायची आणि ठेवायचा.

लेकीचं लग्न झालं, शेतांवर इमारती आल्या, रस्त्यात मेट्रोचे खांब उभे राहिले. तेव्हा एकदा त्यांचा फोन आला. फ्लॅट विकला, भावाकडे इंदूरला जातोय, जायच्या आधी चहाला या.

गेले. सामान खोक्यांत बांधलेलं. त्यांच्या कमरेला पट्टा.

"हे काय?"

"वाकून वाकून. ओटा बुटका आहे ना."

"मग उंच नाही का करून घ्यायचा?"

"चांगला आहे की," ते म्हणाले.

चहा मी करते म्हटलं. दूध गॅसवर ठेवलं आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राहिले. चढलं, काठावर आलं, भसकन ओट्यावर सांडलं. जळका वास घरभर.

"उतू गेलं वाटतं," ते बाहेरून म्हणाले.

"हो. तेव्हाही जाऊ द्यायचं होतं मला. हात गेला नुसता."

ते फडकं घेऊन आले आणि खाली वाकून ओटा पुसायला लागले, हळूहळू, कोपऱ्याकोपऱ्यातून. "मला वाटलं होतं..." म्हणाले, आणि ते तिथेच सोडलं.

फडकं पिळून झाल्यावर म्हणाले, "आता चहा कशाचा करायचा?"

"कोरा."

खोक्यांवर बसून प्यायलो. कोरा चहा मला कधीच आवडला नाही. त्या दिवशी मात्र वाटत होतं, कप रिकामा होऊ नये.