बोटीवरचं पांढरं

"तुमच्याकडं तर पांढरं असंलच की, अक्का."

असं म्हणून माझी जाऊ हसली. तिच्या मागं उभ्या असलेल्या तिघी हसल्या. लिफ्टचं दार मिटत होतं, ते एकीनं हात घालून अडवलं. हसणं पुरं व्हायचं होतं ना. मी बोटीच्या सहाव्या मजल्यावर हिरवी साडी नेसून उभी. त्या चौघी पायघोळ पांढऱ्या झग्यांत. वर गच्चीवर त्या संध्याकाळी व्हाइट पार्टी होती आणि पांढरं घातल्याशिवाय आत सोडणार नव्हते. हे मला तेव्हा, त्या लिफ्टच्या दारात कळलं.

मी विधवा आहे. आठ वर्षं झाली. सुरेखा, म्हणजे ही जाऊ, माझ्या धाकट्या दिराची बायको. तिला काय बोलायचं ते कळत नव्हतं असं नाही. ती फार सहज बोलली. मीठ मागावं तितकं सहज.

दार मिटलं. त्या वर गेल्या. मी तिथंच.

बोटीवर मी कशी गेले ते सांगते. भूमला स्टँडजवळ आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. माझ्या नवऱ्यानं टाकलेलं. एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली आणि बार्शीला दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला. मूलबाळ नाही. तेराव्यानंतर परवान्यावर दिराचं नाव चढलं आणि काउंटरच्या मागं मी बसले. दीर पुढारी माणूस. त्याला सभा, लग्नं, सत्कार. दुकानात तो दसऱ्याच्या पूजेला येतो, फोटो काढतो, जातो. कुठल्या रानाला कुठलं वाण चालतं, कुणाचं बी उगवलं नाही, कुणाला गोडीत सांगायचं आणि कुणाला फटकारायचं, ते सगळं माझ्याकडं.

यंदा आमच्याकडून माल चांगला गेला. बियाण्याच्या कंपनीनं चांगल्या दुकानदारांना मुंबईहून गोव्याला बोटीनं न्यायचं ठरवलं. दरवेळी नवरा-बायको नेतात. पण कंपनीचा साहेब गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, दुकान वहिनी चालवतात, वहिनी आल्याच पाहिजेत. त्यानं तिसरी जागा दिली. साहेबाचं ते वाक्य मी घरी जाऊन चार-पाच वेळा स्वतःशीच म्हणून पाहिलं.

मग मी बार्शीला जाऊन साडी घेतली. हिरवीगार, डाळिंबी काठांची. आठ वर्षांत राखी, फिका जांभळा, बिस्किटी, असलेच रंग अंगाला लागलेले. आमच्याकडं आता विधवेनं पांढरंच नेसावं असं कुणी तोंडानं म्हणत नाही. तोंडानं म्हणत नाहीत, एवढंच. दुकानदारानं साडी उलगडली आणि विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, भाचीला. ब्लाउज शिवणारीलाही तेच सांगितलं. माप माझंच घे म्हटलं, तिचं अंग माझ्यासारखंच आहे. काउंटरवर बसून भल्याभल्यांना उत्तर देणारी मी, एका साडीसाठी नसलेली भाची काढली.

आता एक गोष्ट सांगूनच टाकते. मी सुरेखावर जळते. आजचं नाही, आठ वर्षांचं आहे. तिच्या कपाळावर जळते, तिच्या भांगावर जळते. संक्रांतीला तिच्या दारात चपलांचा ढीग पडतो आणि मी आतल्या खोलीत तिळाचे लाडू वळत बसते, तेव्हा माझ्या अंगाची लाही होते. सगळ्यात जास्त जळते ती तिच्या लेकीवरून. माझा नवरा होता तेव्हापासून पूजा आमच्या दुकानात खताच्या पोत्यांवर झोपून मोठी झाली. तिची पहिली अक्षरं मी गिरवून घेतली. पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे. बोटीवर निघायच्या आधी सुरेखा सोनारीला भैरवनाथाला नारळ फोडून आली आणि पाच जणींची नावं ठरवून आली. पूजाला हळद लावणाऱ्या पाच सवाष्णी. मला म्हणाली, अक्का, तुम्ही स्वयंपाकाकडं बघा, तुमच्याशिवाय ते कुणाला जमणार. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. मला लई कळलं.

बोटीवर नियम पावलोपावली होते, आणि ते आमच्या लोकांनी पावलोपावली मोडले. पहिल्याच दिवशी परांड्याकडच्या एका दुकानदारानं बनियन आणि चट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर पोहण्याच्या हौदात उडी टाकली. शिट्टी वाजली, पोरं धावली, पोहण्याचे कपडे घाला म्हणाली. हा पाण्यातूनच म्हणाला, मी हिरीत असाच पोहतो. लोक हसले. बोटीवरचा साहेबही हसला आणि त्याला तसाच दहा मिनिटं पोहू दिलं. सकाळी जेवणाच्या हॉलमध्ये आमच्यातल्या एकानं घरची भाकरी आणि ठेचा काढला. बाहेरचं आणायचं नाही, असा नियम. त्यावरही थट्टा झाली, त्याच साहेबानं ठेचा चाखून पाहिला आणि विषय मिटला. हे मी बघून ठेवलं होतं. नियम वाकतात, हे मी बघितलं होतं.

व्हाइट पार्टीचा निरोप दिराच्या फोनवर आला होता, दहा दिवस आधी. त्यानं तो सुरेखाला वाचून दाखवला. तिनं झगा शिवून घेतला. मला सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. सांगावं असं दोघांच्या मनातच आलं नाही. हिला पांढऱ्याची काय खरेदी करायची, हिचं तर असणारच.

मी खोलीवर परत जायला हवं होतं. राखी साडी होती बॅगेत. पण माझे पाय जिन्याकडं वळले. चार मजले मी पायी चढले. लिफ्टमध्ये आरसा होता, मला आरसा नको होता.

वरच्या दाराशी एक पोरगी उभी होती, अंगात गणवेश, आवाज अगदी मऊ. हातात पांढऱ्या ओढण्यांची टोपली. तिनं माझ्याकडं पाहिलं, आज पांढरंच चालतं असं हिंदीत सांगितलं, आणि हरकत नाही म्हणत एक ओढणी उलगडून माझ्या खांद्यावर टाकायला पुढं झाली.

तिची काही चूक नाही. पण तो पांढरा कपडा खांद्यापाशी आला आणि मला नवऱ्याचा दहावा आठवला. त्या दिवशी असाच कपडा आला होता, मागून. चुलतसासूनं दोन्ही हातांनी पांढरं लुगडं माझ्या डोक्यावरून ओढलं होतं. त्याआधी परसात दगडावर माझ्या बांगड्या फोडल्या होत्या. एक काच मनगटात गेली होती. मी तेव्हा मान खाली घातली. हात धरायला दोघी होत्या, पण धरायची गरजच पडली नाही. मीच पुढं केले होते.

मी ओढणी हातानं बाजूला केली.

"हे म्या एकदा पांघरलंय, पोरी. पुन्हा न्हाय."

तिला काही उमजलं नाही. मागं रांग लागली. मोत्यांची माळ घातलेली एक बाई म्हणाली की आम्ही सगळ्यांनी नियम पाळला, एकीमुळं सगळे फोटो बिघडतील. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, साडी आहे, चांगली आहे, सोडा की. त्यावर त्या दोघांचीच जुंपली, शिस्त म्हणजे काय आणि पाहुण्याचा मान म्हणजे काय. मधे मी. मला कुणी काही विचारत नव्हतं. मग बोटीवरचा साहेब आला. ठेचा चाखलेला तोच. अगदी नम्रपणे म्हणाला की ओढणी घ्या किंवा बाहेरच्या बाजूनं समुद्र बघा, आत नाही. बनियनला दहा मिनिटं मिळाली होती. हिरव्या साडीला एक मिनिट नव्हतं.

तेवढ्यात दीर आला. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी पँट. तो रोजच तसा असतो. त्याला वेगळं काही शिवावंच लागलं नव्हतं.

"वहिनी, घ्या की अंगावर. येवढं काय त्यात? लोक बघायलेत."

"भावजी, तुमचं पांढरं पुढारपणाचं हाय. माझं कशाचं, ते तुमाला ठावं हाय."

तो दारातून आत गेला. मला वाटलं होतं थांबेल.

मी बाहेरच्या बाजूला गेले. मधे मोठी काच होती. समुद्र माझ्या पाठीमागं आणि समोर काचेच्या आत दीड-दोनशे माणसं, सगळी पांढरी. दिवेलागण झाली होती, आतलं सगळं लख्ख दिसत होतं. पाण्याकडं तोंड करून उभी राहिले असते तर बरं झालं असतं. पण मी आतच बघत होते. मला सुरेखा बघायची होती.

दिसली. नवरा तिचा फोटो काढत होता. ती केस मागं टाकायची, मान वळवायची, हात वर करायची. झग्याला बाह्या नव्हत्या. आणि हात वर केला की दिसायचा, पांढऱ्यावर हिरवा चुडा. पूजाच्या लग्नाचा, आधीच भरून घेतलेला, कोपरापर्यंत. पांढरं आणि हिरवं. एकाच अंगावर, एकाच वेळी. खोटं का बोलू, तो चुडा काच फोडून ओरबाडून घ्यावा असं वाटलं मला. तिचा नवरा नको होता. ते मिरवणंही नको होतं. मला तो चुडा हवा होता, आणि पांढरं अंगावर घालून उद्या सकाळी काढून टाकायची मुभा हवी होती. ती तासाभरानं झगा टांगून ठेवणार होती. माझं पांढरं आठ वर्षं उतरलं नव्हतं.

तिनं मला पाहिलं. हात खाली घेतला. आणि मग, मी शपथेवर सांगते, चुड्यावर दुसरा हात ठेवला. झाकला. माझी नजर लागेल म्हणून.

तिथं माझ्या डोक्यात लखकन काहीतरी झालं. कारण असा हात मीही ठेवला होता. नवी नवरी होते तेव्हा. आमच्या गल्लीत गयाकाकू नावाची बाई होती, विधवा. माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला ती दारापर्यंत आली. मी हातातली कुंकवाची कोयरी पदराआड धरली आणि म्हटलं, काकू, आत चहा ठेवलाय, तिकडं बसा. अगदी मऊ आवाजात. त्या ओढणीवाल्या पोरीसारखाच मऊ. गयाकाकू आत जाऊन बसली. चहा प्याली, कप विसळून गेली. तिचा विचार मी नंतर एकदाही केला नाही. बोटीवर केला. लई लाज वाटली, आणि लाजेच्या मागून राग आला. ह्या दाराशी मीही पहारा दिलेला आहे. मग दार कसं आहे ते मला ठाऊक आहे. त्याला कुलूप नाही. आपण मान खाली घालतो म्हणून ते बंद राहतं.

मी काचेपासून हलले नाही. पार्टी संपेपर्यंत त्यांच्या प्रत्येक फोटोत मागं मी आले असेन, हिरवी.

परतताना कुणी माझ्याशी बोललं नाही. मीही नाही.

भूमला पोचल्यावर आठवडी बाजार आला. कासारीण नेहमीच्या जागी बसली होती, लिंबाखाली, पुढं बांगड्यांची पेटी. आठ वर्षं मी तिच्या समोरून मान वळवून जात होते. त्या दिवशी खाली बसले. हिरव्यावर बोट ठेवलं.

"कुणाला भरायच्या?"

भाची जिभेवर आली होती. गिळली.

"मला."

तिनं माझ्या कपाळाकडं पाहिलं. शेजारी बसलेल्या दोघींकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मला बोल लागंल, बाई. माझं पोट ह्याच्यावर हाय."

तिच्यावर मी रागावले नाही. पैसे ठेवले, बांगड्या उचलल्या आणि तिथंच, तिच्यासमोर, माझ्या हातानं चढवायला लागले. कासारणीचा हात मऊ असतो, ती हाडं दाबून अलगद सरकवते. मला ते कसब नाही. आठ वर्षांत हातही राठ झालेला. अंगठ्याचं कातडं सोललं. तिसरी बांगडी फुटली, रक्त आलं. बाजार बघत होता. बघू दे. त्या वेळी फुटल्या होत्या त्या काढताना. ही घालताना फुटली. मी चौथी घेतली.

दोन्ही हात भरून दुकानात गेले आणि काउंटरवर हात ठेवून बसले. गिऱ्हाइकं आली, बघून न बघितल्यासारखं करून बियाणं घेऊन गेली. दुपारी सुरेखा आली. बातमी तिच्या आधी पोचली होती. ती माझ्या हातांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अक्का, लग्न होईस्तोवर तरी..."

मी तिला मधेच तोडलं.

"पूजाला पयली हळद म्या लावणार. तीच बोटीवरची हिरवी नेसून. तुझ्या पाच जणी माझ्या मागनं लावतील."

ती गेली. दिरानं दोन माणसं समजूत घालायला पाठवली, त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं. सुरेखावर मी अजून जळते. ते काही गेलेलं नाही, आणि जावं असं मला वाटतही नाही. अंगठ्यावर खपली धरली आहे. हळदीला वीस दिवस आहेत. मला मागच्या खोलीत बसवलं तर उठून येईन. दार लावलं तर दारात बसेन, आणि हळदीची वाटी माझी मी घरून नेईन.