यंत्र ढकलणारी

साखरेचा डबा वरच्या फळीवर होता आणि उजवा हात खांद्याच्या वर जायला तयार नव्हता. शेवटी स्टुलावर चढून तिने तो डाव्या हाताने ओढला, तेवढ्यात दारावर थाप पडली. उतरून दार उघडेपर्यंत दूध उतू गेलं ते गेलंच.

दारात सुतार उभा. शाळांचे बाक करणारा, त्यांच्या लाकूड कापायच्या करवतीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. काखेत लांबलचक फळी.

"वहिनी, दादा आहेत का?"

"आहेत की. चहा टाकते."

"आधी हे बघू द्या त्यांना. मग चहा घशाखाली उतरतो का ते पाहू."

त्याने फळी जमिनीवर आडवी टाकली. गाठीपाशी तिला चक्क पोट सुटलं होतं.

"मला बाक करायचेत, दादा, घसरगुंडी नाही."

नवरा तोंड पुसत पुढे आला. फळीवरून हात फिरवला. "पातं बोथट झालं असेल."

"पातं काय, आधीही बोथट व्हायचं. पण तेव्हा वहिनी ढकलायच्या."

"ढकलायला काय अक्कल लागते?" नवरा हसला. सुतार हसला नाही. "या खेपेला रंधा मारून भागवतो. पुढच्या वेळी असंच आलं, तर ओंडके दुसरीकडे नेईन. राग मानू नका."

चहा न घेताच तो गेला. ओटा पुसता पुसता तिचा फडका हातातच राहिला.

त्यांची करवत गाडीमागे जोडून कुठेही नेता येणारी. रुळांवर ओंडका निजवायचा, आवळायचा आणि इंजिनासकट करवतीचं धूड दांड्याला धरून त्याच्यावरून हाताने ढकलत न्यायचं. पूर्वी ढकलायला एक गडी होता. तो काम सोडून गेला, तेव्हा नवरा म्हणाला, "चार दिवस तू धर." चार दिवस सासूचे, चार सुनेचे म्हणतात, तिचे सगळेच दिवस त्या दांड्याचे झाले. मुलीचं कॉलेज झालं, लग्न झालं, केस पिकले, तरी ते चार दिवस काही संपले नाहीत.

खांदा दुखायला लागला तेव्हा तीच म्हणाली होती, "अहो, या धुडाला पुढे ओढणारी एखादी मोटर बसवता येईल ना?"

"हात दिलेत ना देवाने? मोटरीचे लाड कशाला?"

मग एक दिवस खांदा असा धरला की वेणी घालता येईना. डॉक्टरांनी ढकलणं बंद केलं. दांडा नवऱ्याच्या हातात आला. दुसऱ्याच रात्री तो "जरा पाठीला तेल लाव गं" म्हणत पालथा पडला. आठवडा उलटायच्या आत गॅरेजवाला दीर हजर! भंगारातल्या गाडीची वायपरची मोटर, मोटारसायकलची चेन, वेग कमी-जास्त करायचं गोल बटण. देवाने दिलेले हात तेच, फक्त खांदे बदलले की मोटर सुचते.

बघायला आलेल्यांना नवरा सांगायचा, "हिला त्रास नको म्हणून बसवली." आणि बायका तिला म्हणायच्या, "नशीब काढलंस हो!" ती हसायची. दुसरं काय करणार?

सुतार गेल्यावर नवऱ्याने पातं बदललं. ती पदर खोचून मागच्या अंगणात गेली.

"तू कशाला? आराम कर."

"नुसती बघते."

इंजिन धडधडलं. नवऱ्याने आपल्या बाजूचं बटण फिरवलं आणि सुटी झालेली फळी उचलायला तो रुळांच्या दुसऱ्या टोकाला गेला. तो नेहमीच तिथे उभा राहायचा; दांडा धरून उभी राहायची ती. दांड्यापाशी आता कोणीच नव्हतं. चेन आपली एकाच चालीने ओढत होती.

गाठ यायच्या आधीच तिला कळलं. आवाज जाडावला. अशा वेळी ती दांड्यावरचा भार सोडायची, पात्याला गाठ चावू द्यायची, मग पुन्हा हळूच रेटायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनेही ते कधी काम म्हणून मोजलं नव्हतं.

"अहो, कमी करा!"

इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. तिने डावा हात लांबवला. बटण ओंडक्याच्या पलीकडे, त्याच्या बाजूला. मध्ये फिरतं पातं. हात तिने मागे घेतला. तिच्या डोळ्यांदेखत पातं गाठीवर चढलं, पलीकडे उतरलं आणि नव्या पात्याखालून निघालेल्या फळीलाही तसंच पोट सुटलं.

नवऱ्याने इंजिन बंद केलं. फळी उचलून डोळ्यासमोर धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग फळीकडे बघतच म्हणाला, "मोटरच काढून टाकावी म्हणतो. खांदा बरा झाला की तू परत..."

तिला वाटलं, आज सगळं बोलून टाकावं. ते चार दिवस, ते तेल, ती अक्कल. पण ते ऐकायला त्याच्यापाशी कधी जागाच नव्हती. तिने पदराने हातावरचा भुसा झटकला.

"मोटर राहू द्या," ती म्हणाली. "ते बटण तेवढं माझ्या बाजूला लावून द्या. डाव्या हाताला येईल असं."