वांग्याची साल

धुळे रस्त्यावर भरीत विकणारे एक आबा होते. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळात भाजलेली वांगी ते उघड्या बोटांनी सोलायचे आणि चटका बसला की कानाची पाळी धरून हसायचे.

एकदा मी आणि माझे एक बौद्ध सहकारी भरिताची वाट बघत तिथे बसलो होतो. मी म्हणालो, मोक्षात आत्मा ब्रह्मात मिसळतो. ते म्हणाले, आत्मा मुळात नाहीच; तृष्णेचा जाळ विझतो, तेच निर्वाण. बोलता बोलता दोघांचेही आवाज चढले.

आबांनी वांग्यावरून मान वर केली. "भाऊ, मिसळा नाहीतर विझा. पहिले साल तं निघू द्या. 'मन्हंच खरं, मन्हंच खरं', हाई बठ्ठी सालच शे."

माझंच खरं, ही सगळी सालच! आम्ही दोघांनीही एकदमच कानाची पाळी धरली.