मालिनीकाकूंच्या पणजीचं लग्न

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या वस्तीत घरं एकमेकांना चिकटून आहेत, दोन घरांत भिंत एकच. नागपूरला आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मध्ये अख्खं चिंचेचं झाड होतं. सातासमुद्रापार येऊन मी शेजारच्या मिक्सरची घरघर ऐकते, ही माझी प्रगती. त्या भिंतीपलीकडे मालिनीकाकू आठल्ये राहतात, मुलगा यतीन आणि सून निधी यांच्याबरोबर. यतीन आणि निधी दोघंही आयटीत. काकू सत्तरी ओलांडलेल्या, किरकोळ बांध्याच्या, आणि मराठी इतकं जपून बोलणाऱ्या की ऐकणाऱ्याला वाटावं, पुण्यात जन्म गेला असेल. काकू जन्मल्या पोर्ट ब्लेअरला. माहेरी सगळे हिंदी बोलत. मराठी त्या लग्नानंतर शिकल्या, थोडं नवऱ्याकडून आणि बरंचसं सासूच्या बोलण्यांतून.

नवरा म्हणजे शशिकांतकाका. ते गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत गेले. काकू रडल्या नाहीत. जेवा म्हटलं की जेवायच्या, झोपा म्हटलं की आडव्या व्हायच्या. हातात चहाचा कप दिला तर तो थंड होईपर्यंत धरून बसायच्या आणि मागच्या तळ्यावरच्या बदकांकडे बघायच्या. तळं म्हणजे पावसाचं पाणी साठवायला बिल्डरने केलेला खड्डा, पण घरं विकताना त्याला तळं म्हणतात. निधीने त्यांना एका काउन्सेलरकडेही नेलं. त्या बाईने विचारलं, कसं वाटतं? काकू म्हणाल्या, ठीक. पुढच्या वेळी तिने तेच विचारलं, काकूंनी तेच सांगितलं. निधीने पुढची अपॉइंटमेंट कॅन्सल केली.

मला त्यांचं हे दगडासारखं बसणं बघवत नसे. मी शनिवारी त्यांना गाडीत घालून इंडियन ग्रोसरीला न्यायची. तिथे त्या कार्ट ढकलायच्या आणि मी भेंडी निवडायची. घरी आणून सोडलं की "थँक यू, नीलांबरी" म्हणायच्या. कोणी लिफ्टचं दार धरलं तर म्हणतात तसं.

अशा बाईला आमच्या मंडळाने हेरलं. मंडळाचे अध्यक्ष शैलेंद्र हे पुण्याचे गृहस्थ. त्यांना दर कार्यक्रमाला एक 'थीम' लागते. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी ते आठल्यांकडे आले तेव्हा मी तिथेच शेंगा सोलत बसले होते.

"काकू, या वर्षीची थीम अंदमान," शैलेंद्र म्हणाले. "आणि अंदमानच्या क्रांतिकारकाची सख्खी पणती आपल्या मॉरिसव्हिलमध्ये! यार यतीन, तू आधी बोलला का नाहीस? आम्ही काकूंचा सत्कार करणार. शाल, श्रीफळ, सगळं."

यतीनचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला. "बाबांना काय आनंद झाला असता," तो म्हणाला. "लहानपणी मला झोपवताना तेच सांगायचे. साताऱ्याचा क्रांतिकारक, इंग्रजांनी बेड्या घालून जहाजात चढवला. आई, तू येशील ना?"

"बरं," काकू म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये मी गाडी बंद केली तरी काकू उतरेनात. समोरच्या कार्टच्या रांगेकडे बघत त्या म्हणाल्या, "नीलांबरी, माझा पणजोबा क्रांतिकारक नव्हता. साताऱ्याचाही नव्हता. अवधकडचा होता. शेताच्या बांधावरून भांडण झालं आणि त्याने भावाला मारलं. त्यासाठी काळं पाणी."

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि त्यांच्याकडे वळले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तितक्या सपाट आवाजात. शशिकांतकाका तरुणपणी सरकारी नोकरीत पोर्ट ब्लेअरच्या बंदरावर होते. तिथे जमलं. काकूंनी काहीच लपवलं नाही. पण कैद्यांच्या वंशातली सून पुण्याला आईच्या गळी कशी उतरवायची? काकांनी आईला सांगून टाकलं, मुलीचा पणजोबा साताऱ्याकडचा क्रांतिकारक. म्हातारी विरघळली. जातीचं विचारलं नाही, पत्रिका मागितली नाही. पुढे गोष्ट आपली आपण वाढत गेली. सुरुवातीला पणजोबांनी नुसती पत्रकं वाटली होती. सासूबाईंच्या भजनी मंडळात पोहोचेपर्यंत त्यांनी कलेक्टरवर गोळी झाडली होती.

आपल्या लोकांचं हे असंच आहे. अंदमान म्हटलं की आपल्याला देशभक्तच दिसतात. चोर, दरोडेखोर, खुनी यांनी काळं पाणी पाहिलंच नसावं, त्यांना बहुतेक महाबळेश्वरला पाठवत असतील.

"मग शैलेंद्रना सांगून टाकू?" मी विचारलं. "बरं वाटत नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

"यतीनला वाईट वाटेल. बापाबद्दल त्याच्याकडे आता हीच एक गोष्ट राहिली आहे. मी खरं बोलले तर हे खोटारडे ठरतात आणि उत्तर द्यायला हे इथे नाहीत." काकूंनी सीटबेल्ट सोडला. "आणि नाही बोलले तर पणजी जाते. क्रांतिकारकाच्या गोष्टीत तिला जागाच नाही."

"पणजीचं काय?"

"काही नाही. शाल घेईन, नारळ घेईन, खाली येऊन बसेन." त्या दार उघडून उतरल्या आणि जाऊन कार्ट ओढून घेतली. मलाही ते बरं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, जुनं उकरून कोणाचं भलं झालंय?

कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. मागे वडापावचा स्टॉल, पुढे घडीच्या खुर्च्या, आणि स्टेजवर थर्माकोलचा तुरुंग. शैलेंद्रनी माइक हातात घेऊन पणजोबांना असं काही चढवलं की काकूंच्या सासूबाईंचं भजनी मंडळही लाजलं असतं. यतीन पहिल्या रांगेत फोन उभा धरून शूट करत होता. काकू मोतिया रंगाच्या साडीत स्टेजवर उभ्या होत्या, बसच्या रांगेत उभं राहावं तशा.

सत्काराचं तबक घेऊन देवयानी पुढे आली. ती मंडळाची उत्साही कार्यकर्ती, मनाने वाईट नाही. तिने करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं, हात काकूंच्या कपाळापर्यंत नेला आणि तिला आठवलं. हात तिथेच थांबला. तिने शैलेंद्रकडे बघितलं, शैलेंद्रनी छताकडे. मग देवयानीने ते बोट हळूच तबकाखालच्या रुमालाला पुसलं आणि काकूंच्या हातात नारळ ठेवला. सगळं मिनिटभरात आटोपलं. तिसऱ्या रांगेतून मला ते दिसलं, म्हणजे सगळ्यांनाच दिसलं असणार. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, गाड्या इलेक्ट्रिक झाल्या, आणि विधवेला कुंकू लावायचं की नाही हे अजून ठरत नाही!

"काकू, दोन शब्द," शैलेंद्र घाईघाईने म्हणाले. ते नुसतं म्हणायचं असतं. सत्कारमूर्तीने नमस्कार करून खाली उतरायचं, अशी रीत. काकूंनी नारळ टेबलावर ठेवला आणि माइक घेतला.

"माझ्या पणजीला काळ्या पाण्यावर कुंकू लागलं," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. वडापावच्या रांगेत बोलणं चालूच होतं.

"अठराशे अठ्ठावन्न साली इंग्रजांनी तिथे वस्ती करायला कैदी आणले. आधी त्या बेटांवर नुसती झाडं होती. आत जंगलात तिथले मूळचे लोक. कैद्यांनी झाडं तोडली. पायांत बेड्या होत्या. तापाने पुष्कळ मेले. काही पळाले, ते जंगलात मेले. जे पकडले गेले त्यांतल्या कित्येकांना फाशी दिलं. मग नवीन कैदी आणले. असं करत करत रस्ते झाले, धक्का झाला, शेतं झाली. पण नुसत्या पुरुषांनी गाव होत नाही. म्हणून इथल्या तुरुंगांतून बायका नेल्या."

'इथल्या' म्हणाल्या त्या. मॉरिसव्हिलमध्ये उभ्या राहून. त्यांना कोणी हसलं नाही.

"बायकांचा तुरुंग वेगळा होता. पुरुष कैद्याचं वागणं चांगलं असलं तर काही वर्षांनी त्याला जमिनीचा तुकडा द्यायचे, आणि लग्नाची परवानगी. मग तो बायकांच्या तुरुंगात यायचा. बायकांना रांगेत उभं करायचे. त्याने बघायचं, पसंती सांगायची. बाईलाही नकार देता यायचा. माझी पणजी त्या रांगेत होती. ती साताऱ्याकडची. बालविधवा. गावात तिचं डोकं भादरत असत, तुरुंगात केस वाढले होते. माझा पणजोबा अवधचा. त्याने स्वतःच्या भावाला मारलं होतं. तो क्रांतिकारक नव्हता."

यतीनचा फोन खाली आला.

"दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दुसऱ्या एका कैदी बाईने मध्ये दुभाष्याचं काम केलं. त्याने विचारलं, धान लावता येतं का? ती म्हणाली, येतं. मग तिने विचारलं, मारशील का? तो म्हणाला, एकदा हात उचलला, तेच भोगतोय. ती हो म्हणाली. गावात तिला कोणी दुसऱ्यांदा कुंकू लावलं नसतं. तिथे साहेबाने सही केली आणि लग्न झालं. तिचा गुन्हा काय ते मी इथे सांगणार नाही. आमच्या घरी गुन्हा विचारत नसत."

त्यांनी माइक जागेवर ठेवला. "साताऱ्याच्या क्रांतिकारकाची गोष्ट माझ्या नवऱ्याने रचली. माझ्यासाठी रचली. मी त्यांना बोलू दिलं," एवढं मात्र माइकशिवाय म्हणाल्या, पण ऐकू सगळ्यांना गेलं. मग पायऱ्या उतरून आपल्या खुर्चीत बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला ठरवता आलं नाही. शैलेंद्रनी लगेच मुलांचा डान्स लावला.

निधी आमच्याबरोबर नव्हती, ती त्या आठवड्यात कामासाठी बॉथेलला गेली होती. यतीनची गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून तिघं माझ्याच गाडीतून परत निघालो. यतीन पुढे, काकू मागे. सिग्नलला यतीन मागे न बघता म्हणाला, "आई, बाबा खोटं बोलायचे, हे तुला एवढ्या लोकांसमोरच सांगायचं होतं?"

"नव्हतं सांगायचं. त्या मुलीने बोट पुसलं आणि मला पणजी आठवली."

"मला घरी सांगता आलं असतं. इतकी वर्षं. मी शाळेत भाषणं केलीत त्या माणसावर! आता मी लोकांना काय सांगू?"

"कोणी विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर गप्प बस."

सिग्नल हिरवा झाला. मी गाडी चालवत राहिले. मध्ये तोंड घालायची सवय मला आहे, पण तेव्हा नाही घातलं.

"तिने काय केलं होतं?" यतीनने विचारलं. आवाज खाली आला होता. "पणजीने."

काकूंनी मांडीवरचा नारळ बाजूला ठेवला.

"तिला मूल झालं होतं. विधवेला. गावात ते जिवंत ठेवण्याची सोय नव्हती. तिने मारलं की तिच्याकडून मारवून घेतलं, ते तिला माहीत. शिक्षा तिला एकटीला झाली. माझ्या आजीला तिने स्वतःच सांगितलं, एकदाच. नंतर तिला पाच मुलं झाली. प्रत्येक बाळंतपणात तिने सुईणीला बजावून ठेवलं होतं, मूल माझ्या हातात लगेच देऊ नका, आधी त्याला रडू द्या, सगळ्यांना ऐकू द्या."

यतीनने चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसला. मग विचारलं, "बाबांना हे माहीत होतं?"

"लग्नाआधीच सांगितलं होतं. धक्क्यावर उभे होतो. ऐकून घेतलं आणि म्हणाले, आईला हे सांगायचं नाही, मी बघतो. मी काही बोलू नये म्हणून जन्मभर तेच बोलत राहिले."

आमची गल्ली आली. मी त्यांच्या दारासमोर गाडी उभी केली. यतीन उतरला, मागचं दार उघडून उभा राहिला. काकूंनी शाल गोळा करून हातात घेतली, नारळ घेतला, पण उतरल्या नाहीत. माझ्या सीटच्या पाठीला त्यांनी हात धरला.

"आज हे असते तर माझ्यावर फार चिडले असते गं," त्या म्हणाल्या. "चार दिवस बोलले नसते. ताट बाजूला सारलं असतं. मी सगळं बोलून बसले आणि आता दार उघडून आत गेले की मला रागवायलासुद्धा कोणी नाही."

यतीन गाडीत वाकला आणि आईला उतरवू लागला, आणि काकू रडायला लागल्या.