तिकीटखिडकीतल्या मावशी पाण्यात उतरल्या

तरण तलावाच्या तिकीटखिडकीत मावशी अठ्ठावीस वर्षं बसल्या, पण त्या पाण्याला त्यांनी कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिकिटाबरोबर एक म्हण मात्र प्रत्येकाला फुकट मिळायची. उड्या मारायला धावणाऱ्यांना, "अति घाई संकटात नेई." काठावर कुडकुडणाऱ्यांना, "पाण्यात पडलं की पोहता येतं." ही दुसरी सांगताना त्यांना स्वतःचीच जरा लाज वाटायची.

त्या नऊ वर्षांच्या असताना थोरला भाऊ नदीत बुडाला. तेव्हापासून आईने पाण्याचा धाकच बसवला. "आग आणि पाणी, दोघांशी लांबूनच बोलावं," ती म्हणायची. मावशींनी ऐकलं. शाळेच्या सहली काठावर बसून काढल्या. पुढे नोकरी मिळाली ती नेमकी तलावावर. आई महिनाभर बोलली नाही. "मी खिडकीत बसणार, पाण्यात नाही," अशी मावशींनी तिची समजूत घातली.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एक निवृत्त पोस्टमन यायला लागले. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं होतं. रोज तिकीट काढायचे, बाकावर बसायचे आणि कोरडेच घरी जायचे. आठवड्याने मावशींना राहवेना.

"पोस्टमनकाका, उथळ बाजूला पाणी छातीपर्यंतच आहे. प्रयत्नांती परमेश्वर."

"तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"कधी उतरलात तरी?"

मावशी तिकिटांचा गठ्ठा उगाच सारखा करत राहिल्या. "दुधाने तोंड पोळलंय माझं," त्या शेवटी म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत तिथे कुणालाच न सांगितलेली भावाची गोष्ट त्यांनी सांगितली.

पोस्टमन म्हणाले, "माझ्या बाबतीत तर असं काहीच घडलेलं नाही, मी नुसताच भितो. सोमवारी दोघं मिळून भिऊ या का?"

सोमवारी दुपारी तलाव रिकामा होता. पोहायला शिकवणाऱ्या ताईने मावशींचा हात धरला. पोस्टमन पुढे, कठडा घट्ट पकडून, चेहरा खडूसारखा पांढरा. तिसऱ्या पायरीवर मावशी थबकल्या. त्यांनी डोळे मिटले. भावाची आठवण म्हणजे आजवर नदीकाठची गर्दी आणि आईचा टाहो एवढीच होती. आता गार पाणी पोटाला लागलं आणि त्यांना भाऊ पोहताना दिसला, ओल्या केसांचा, त्यांच्याकडे बघून हसणारा. किती वर्षांत तो असा आठवलाच नव्हता.

"वर येऊ या का, मावशी?" ताईने विचारलं.

"नको. थांबू दे जरा."

शेजारी पोस्टमन बदकासारखे एकेक पाऊल टाकत होते आणि मोठ्याने मोजत होते. मावशींना रडता रडता हसू आलं.

घरी आल्यावर लपवण्यात अर्थ नव्हता. केस ओले होते आणि अंगाला क्लोरीनचा वास येत होता. ऐंशी पार केलेल्या आईने जवळ बसवून घेतलं, टॉवेल ओढला आणि लहानपणी पुसायची तसे केस पुसायला लागली.

"खोल होतं?"

"छातीपर्यंत."

आईचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. "कानातलं पाणी नीट काढ," ती म्हणाली. "राहिलं की ठणकतं."